उतरा, राणीचा पुतळा!

सगळ्यात आधी डोकं झाका. रुमाल, पंचा, टोपी, काहीही चालेल, पण उघड्या डोक्याने मुंबईच्या या जुन्या फोटोत शिरू नका. तुमच्या जीन्सकडे लोक घटकाभर बघतील, कुठल्या तरी बोटीवरचा खलाशी दिसतोय म्हणतील आणि आपापल्या कामाला लागतील. उघडं डोकं मात्र त्यांना खुपेल. घरात कोणी गेलं का हो, असं विचारायला दोघेतिघे थांबतील. इथे पगडी आहे, पागोटं आहे, मुंडासं आहे, पारशाची उंच चकचकीत टोपी आहे, साहेबाची सोला हॅट आहे. थोडा दम धरलात तर टोपी घातलेला घोडाही दाखवतो. थट्टा नाही.

बाई असाल तर पदर आहेच, पण मग पंचाईत निराळी. कोटाच्या या भागात पायी चालणारी बाई म्हणजे टोपली घेतलेली कोळीण, नाहीतर डोक्यावर पाटी घेतलेली मजूर. बाकीच्या गाडीतून जातात. तुम्ही या कशातच बसत नाही, तेव्हा लोक बघणार. बघू द्या. तुम्हीही बघायलाच आला आहात.

फोटो तसा साधा आहे. मागे सरकारी इमारत, टोकदार कमानींची, भरभक्कम दगडाची: मुंबईचं तारऑफिस. त्याला लागूनच मोठं पोस्ट. पुढे, मेयो रोड आणि एस्प्लनेड रोड जिथे मिळतात तिथे, संगमरवराचं एक उंच नक्षीदार छत्र. लांबून देवळाचा कळसच वाटावा. त्याखाली सिंहासनावर एक बाई बसली आहे. राणी व्हिक्टोरिया. आकाश कोरं करकरीत, कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला इतक्या हावरट की ढग वगैरे सगळं गिळून टाकत. रस्ताही जवळपास रिकामा दिसतो, आणि इथेच फोटो आपल्याला फसवतो. जो स्वस्थ उभा राहिला तो उमटला. जो चालत होता तो पुसला गेला. खाली कोपऱ्यात एक करडा फराटा आहे बघा. तो माणूस आहे. घाईत असावा. त्याच्या मागोमाग आत चला.

पहिल्यांदा नाकाला कळतं. घोड्यांची लीद, ओली, सुकी आणि चाकाखाली दळून पीठ झालेली. त्यावर भाजलेल्या चण्यांचा खरपूस वास, हमालाच्या पाठीचा घाम, कापसाच्या गाठींवरच्या ओलसर तागाचा वास, आणि वारा फिरला की खारट समुद्र. मग उन्हाचा चटका. ऑक्टोबर आहे, १८९६ सालचा. पाऊस गेलाय, थंडी यायची आहे, आणि मधले हे दिवस तेव्हाही आत्तासारखेच जीवघेणे आहेत. मग आवाज. मोटार नाही, हॉर्न नाही, म्हणून शांतता असेल अशी तुमची समजूत असेल तर सोडून द्या. लोखंडी धावेची चाकं खडीवरून जातात तेव्हा दातात कळ येते. खटारेवाला बैलाला शिव्या घालतोय, व्हिक्टोरियावाला खटारेवाल्याला घालतोय, आणि दोघांच्या मधून डोक्यावर पेटी घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू!’ ओरडत तुमच्याच अंगावर येतोय. व्हा बाजूला. तो थांबणार नाही, थांबला तर ओझं खाली येईल.

पायाखाली बघा. तांबूस धुळीने तुमचे बूट एव्हाना माखलेत. रस्ता खडीचा आहे, दाबून बसवलेल्या खडीचा. डांबर नाही. डांबर या शहरात आहे, पण त्याची जागा दुसरी आहे: होड्यांच्या तळाला, गोदीतल्या दोरखंडांना, लाकडाच्या खांबांना. रस्त्यावर यायला त्याला अजून वेळ आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता तो घोडा. कुलाब्याकडून ट्राम येते आहे, रुळांवरून घरंगळत, घंटा वाजवत, आणि ती ओढणाऱ्या घोड्याच्या डोक्यावर चक्क टोपी आहे. कानांना भोकं ठेवलेली, ऊन लागू नये म्हणून. मुंबईच्या उन्हात घोडे चक्कर येऊन पडू लागले तेव्हा ट्राम कंपनीने काढलेली ही तोड. घोडा मोठ्या गंभीरपणे चालतो. एखाद्या हेडक्लार्कने ऑफिसला जावं तसा. तुम्हाला हसू येतं. दुसऱ्या कोणालाच येत नाही, ते रोज बघतात. चढा. कंडक्टर हात पुढे करील. खिशातलं पाकीट काढू नका, त्यातला एकही कागद इथे चालणार नाही. मी तुमच्या मुठीत एक नाणं ठेवलंय. चांदीचा रुपया आहे, राणीछाप. त्यावर जी बाई आहे तीच पुढच्या वळणावर बसली आहे, आणि तुम्ही ज्या गाडीला आडवे जात होतात तिचं नावही त्याच बाईचं. पैसा तिचा, गाडी तिची, भायखळ्याची बागही तिचीच. एवढ्या ठिकाणी असल्यावर माणूस दिसेनासं होतं.

‘राणीचा पुतळा!’ कंडक्टर ओरडतो. उतरा.

थेट पुतळ्याकडे जाऊ नका. आधी ऑफिसात शिरू, तिथे सावली आहे. दाराशी अंधारल्यासारखं होतं, डोळे सरावायला क्षण जातो. दगडी भिंतींमुळे आत गार आहे. वर पंखा फिरत नाही, झुलतो, आणि कागद उडू नयेत म्हणून जो तो त्यांवर काही ना काही ठेवून बसलाय. आणि मग तो आवाज: कट्ट, कडकट्ट, कट्ट. एक नाही, कितीतरी. जणू पंधरावीस अडकित्ते एकदम सुपाऱ्या कातरतायत. तारमास्तर वर बघत नाहीत. कान तारेशी, हात पेन्सिलीशी. शेजारून कुणी मेलं म्हणून सांगितलं तरी ते आधी तार पुरी उतरवून घेतील.

रांग म्हणाल तर नाही, रेटारेटी आहे. कापसाचे दलाल पुढे घुसलेत, त्यांना लिव्हरपूलचा भाव कळायला हवा, आणि आत्ता कळायला हवा. एक शेठ दलालाच्या कानात पुटपुटतो, दलाल शब्द मोजतो, शेठ एक शब्द काढून टाकतो, दलाल म्हणतो, ‘शेठ, हा काढला तर अर्थच उलटा होतोय.’ शेठ शब्द परत घालतो, चेहरा असा की कोणी खिसा कापला. शब्दाला पैसे पडतात. इथे माणसं जितकी तोलून बोलतात तितकी लग्नाच्या बैठकीतही बोलत नाहीत. भिंतीशी मात्र एक जण नुसता उभा आहे, हातात घडी केलेली तार. उघडलेली नाही. शेठलोक सोडले तर तार म्हणजे वाईटच, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी वाचता येणारा भेटेपर्यंत त्याला ती तशीच धरून ठेवायची आहे. त्याच्याकडे बघत उभे राहू नका.

बाहेर पोस्टाच्या पायऱ्यांशी पत्रं लिहून देणारे बसलेत. बोरू, दौत, मांडीवर फळी. समोर उकिडवा बसलेला हमाल साताऱ्याकडचा असावा. ‘मी हिकडं खुशाल हाय,’ तो सांगतो. बोरू कुरकुरतो. ‘तुमची खुशाली कळवावी.’ मग तो थांबतो. कार्डाला एक पैसा पडलाय, जागा अजून शिल्लक आहे. ‘ताप आलाय म्हंत्यात शेरात, गाठीचा. त्ये लिहू नगा.’ लिहिणारा मान वर न करता विचारतो, ‘मग काय लिहू?’ ‘दिवाळीला मनिऑर्डर धाडतो म्हणून लिवा.’ बोरू पुन्हा कुरकुरायला लागतो.

बाहेर आलात तर आता वर बघा. राजाबाईचा बुरूज. घड्याळ किती वाजले म्हणतं? आणि आत तारऑफिसात किती वाजले होते? चुकला नाहीत तुम्ही. बुरूज मुंबईची वेळ दाखवतो. तार आणि आगगाडी मद्रासच्या वेळेवर चालतात, आणि मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे आहे. सरकारने एकदा मुंबईलाही मद्रासच्या वेळेला जुंपून पाहिलं होतं. मुंबईकरांनी ते चालू दिलं नाही. तेव्हा या शहरात गाडी पकडायची तर एक हिशेब, कोर्टात हजर राहायचं तर दुसरा. तुम्ही सव्वाशेच्या वर वर्षं मागे आलात ते एका उडीत. आता दारातून आत-बाहेर करा आणि अर्धा तास मागे-पुढे जाऊन बघा. फुकट आहे.

आता चला राणीकडे.

जवळून ती थोराड दिसते. पायथ्यापासून टोकापर्यंत सगळं मिळून बेचाळीस फूट. लंडनच्या मॅथ्यू नोबलने घडवली, बोटीने आली. वर छत्रात मध्यभागी स्टार ऑफ इंडिया, त्याच्या वर इंग्लंडचा गुलाब आणि हिंदुस्थानचं कमळ, आणि चार भाषांत कोरलेली ब्रीदवाक्यं. खर्च एक लाख ऐंशी हजारांच्या घरात, आणि त्यातला बहुतेक बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी उचललेला. मोत्यांचा गालिचा विणून घेणारे तेच हे खंडेराव, तेव्हा या बाबतीत हात आखडण्याचा प्रश्न नव्हता. पुतळ्यावरचा पडदा निघाला १८७२मध्ये. तो बघायला खंडेराव राहिले नव्हते.

पण तुम्ही राणीकडे बघू नका, लोक काय करतायत ते बघा. कुणीही तिच्याकडे बघत नाही. पायथ्याच्या सावलीत दोन हमाल पाय पसरून बसलेत, एक तंबाखू मळतोय. चणेवाल्याने टोपली टेकवायला कठड्याची कड निवडली आहे. कोर्टाचा कारकून कागदांचा गठ्ठा काखेत मारून कुणाची तरी वाट बघतोय, ‘राणीच्या पुतळ्यापाशी भेटू’ असं ठरलं असणार. कबुतरं छत्राच्या कोरीव पाकळ्यांत बसून आपलं काम करतायत. चोवीस वर्षांत संगमरवर मुंबईच्या डोळ्यांना इतका सवयीचा झालाय की तो आता नुसता पत्ता आहे. पुढे काळ्या घोड्यावर तिचा मुलगा बसलाय, ब्राँझचा, ससूनशेठने दिलेला. त्यालाही स्वतःचं नाव उरलं नाही. लोक घोड्याचं नाव घेतात.

चणे घ्या. चहा शोधत असाल तर टपरी अजून जन्मायची आहे, आणि वडापावाचं नाव काढलंत तर चणेवाला काळजीने तुमच्या कपाळाला हात लावून बघेल. गोळीच्या बाटलीतलं सोडावॉटर मिळेल. अंगठ्याने गोळी आत ढकला, फस्सकन आवाज येईल, नाकात वायू जाईल. थोडं बरं वाटेल.

कारण आता वारा फिरलाय आणि एक नवा वास आलाय. आधीच्या कशात तो नव्हता. कडू, औषधी, घशाला खवखवणारा. कार्बोलिक. मांडवीकडे गटारांत ओततायत, घरांना चुना फासतायत. तिकडे वखारींत उंदीर मरून पडले, मग माणसं. वर्तमानपत्रं ‘ग्रंथिक सन्निपात’ असं छापतात, लोक ‘गाठ’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून. बोरीबंदराकडे जाणाऱ्या गाड्यांत आज वळकट्या, ट्रंका, पोरंबाळं जास्त आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? कंडक्टरच्या आलंय. सणासुदीला गावी जाणारा माणूस गाडीत बसून बोलत असतो. हे बोलत नाहीत.

संध्याकाळ होते. भिस्ती मशकी घेऊन येतात, पाण्याच्या गाड्या येतात, दिवसभर तापलेल्या धुळीवर पाणी पडतं आणि दहा मिनिटं सगळ्या शहराला पहिल्या पावसासारखा वास येतो. या दहा मिनिटांसाठी इथे यावं, असं माझं मत आहे. बाकी सगळं वाचून कळतं. मैदानावर पारशी पोरांचा क्रिकेटचा डाव मोडतो. मग दिवे लावणारा येतो, खांद्यावर काठी, एका खांबाकडून दुसऱ्याकडे, घाई नाही. गॅसची ज्योत आधी निळी फुरफुरते आणि मग पिवळी होऊन स्थिरावते. हा गॅस लालबागेकडे कोळसा भाजून काढतात. कोळसा भाजला की वर वायू जातो, त्याचा हा उजेड. आणि तळाशी जे काळं चिकट उरतं ते डांबर. एकाच भट्टीची दोन पोरं. राणीच्या चेहऱ्यावर आत्ता त्यातलं थोरलं पडलंय.

आता रात्र होईल. आणि मी तुमचा हात धरून तुम्हाला इथून दूर घेऊन जाणार आहे, कितीही आढेवेढे घेतलेत तरी. त्या रात्री पुतळ्यापाशी काय झालं ते कुणी पाहिलं नाही. गस्तीच्या शिपायाने पाहिलं नाही, तारऑफिसात रात्रपाळीला जागणाऱ्या मास्तरांनी पाहिलं नाही. मग तुम्हाला मी कसं दाखवू? शहराने पाहिलं नाही ते तुम्हीही पाहायचं नाही. झोपा कुठेतरी. डास आहेत.

सकाळी मात्र उठवावं लागणार नाही. गर्दीचा आवाजच निराळा आहे. कालचा कल्ला अंगावर येत होता, हा अंगाशी घुटमळतोय. हजार माणसं आणि सगळी कुजबुजतायत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ट्राम थांबली आहे. घोडा टोपीखालून गर्दीकडे बघतोय. कोपरं वापरा, पुढे सरका. कुणाचं ओलं मुंडासं तुमच्या गालाला लागेल, कुणाच्या तोंडाला कालच्या कांद्याचा वास असेल, पायावर पाय पडेल. सरका. आणि आता नाक पुन्हा आधी सांगतं: गोदीचा वास, होड्यांचा वास. इथे, मैदानाच्या कडेला, जिथे एकही होडी नाही.

डांबर.

पांढरीशुभ्र राणी काळी झाली आहे. ऊन चढतंय तसा काळा थर चकाकायला लागलाय. आणि गळ्यात हार. फुलांचा नाही. खेटरांचा.

इंग्रज माणसाला हे बघून राग येईल. कुणीतरी सरकारी मालमत्ता खराब केली म्हणेल. तुम्हाला मात्र पोटात कुठेतरी वेगळंच कळतं, कारण ही भाषा तुमच्या आजीची आहे. तोंडाला काळं आणि गळ्यात खेटरांची माळ: गावाने एखाद्याला वेशीबाहेर काढायचं ठरवलं की हे दोन दागिने घालतात. फक्त गाढव तेवढं कमी आहे. ज्याने केलं त्याने शाईचा एक थेंब न वापरता अख्खा मजकूर लिहून ठेवलाय, आणि तो वाचायला या गर्दीतल्या एकालाही पत्र वाचून दाखवणारा लागत नाही. कालचा तो उकिडवा हमालही वाचतोय. चोवीस वर्षांत पहिल्यांदा झाडून सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत.

चेहरे बघत फिरा. एक पारशी म्हातारा खरोखर दुखावलाय, त्याचे डोळे भरलेत. त्याच्या दृष्टीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईची कुणी विटंबना केली आहे. त्याला हसू नका. एक भटजी इकडेतिकडे बघून पटकन निघून जातात, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून उपरणं तोंडाशी. कॉलेजची दोन पोरं मुठी मिटून उभी आहेत, आणि ती रागावलीत की आनंदलीत हे त्यांच्या मुठींवरून कळत नाही. मागून कुणीतरी म्हणतं, ‘लेकाचा घोडा काळा होताच, आता आईपण.’ एकदम हशा उसळतो आणि तितक्याच चटकन विझतो. पिवळ्या पगडीचा, निळ्या डगल्याचा हवालदार दंडुका फिरवत येतो. ‘चला, चला, काय तमाशा आहे काय?’ तमाशाच आहे, पण सांगणार कोण. शिवाय त्याची स्वतःची पंचाईत आहे. हार काढायचा तर महाराणीच्या गळ्याला हात घालायचा. तो साहेबाची वाट बघत उभा राहतो.

बुरुजावर तास पडतो. तिथल्या घंटांना गाणी वाजवायला शिकवली आहेत आणि त्यांच्या यादीत ‘गॉड सेव्ह द क्वीन’ही आहे. घंटांना खालचं दिसत नाही, हे एक बरं.

‘कोणी केलं असेल?’ शेजारचा तुम्हालाच विचारतो. आणि तुमच्या जिभेवर नाव आहे. शाळेच्या पुस्तकातून आलेलं, पुण्याच्या रँडसाहेबाच्या धड्यात भेटलेलं. चिंचवडचे चापेकर, हरिपंत कीर्तनकारांची मुलं, वडिलांमागे कीर्तनात साथ करणारी. दामोदर आणि बाळकृष्ण. मुंबईला ही मंडळी कीर्तनाला येत. पुढच्या वर्षी दामोदर स्वतःच आपल्या जबानीत हे सांगणार आहे, तोवर या हजार माणसांत ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गिळा. चण्याचा दाणा तोंडात टाका आणि गिळा. खांदे उडवून म्हणा, ‘कोण जाणे बुवा.’ तुमच्या शेजारी उभा असलेला तो साध्या कपड्यातला माणूस गेली पाच मिनिटं तुमच्या बुटांकडे बघतोय.

निघा इथून. पण कान उघडे ठेवून निघा, कारण संध्याकाळपर्यंत गोष्टीला पाय फुटलेत. राणीला राग आलाय. राणीच्या तोंडाला काळं फासलं म्हणून तिने गाठीचा ताप सोडलाय. ताप आधी आला, डांबर नंतर लागलं, पण हा हिशेब अफवेला कोण दाखवणार? चाळीच्या जिन्यात एक बाई दुसरीला सांगते, राणीने भरपाईला काळजं मागितली आहेत. माणसांची काळजं. म्हणून तर तापकऱ्यांना आर्थर रोडच्या हॉस्पिटलात नेतात आणि परत पाठवत नाहीत. दुसरी बाई पोराला जवळ ओढते. हसण्यावारी नेऊ नका. महिना सरायच्या आत गिरणीकामगारांचा जमाव त्याच हॉस्पिटलावर चालून जाणार आहे, दगड घेऊन. काल सावलीपुरती उरलेली दगडी बाई आज रोग धाडते, रक्त मागते. तिला जिवंत डांबराने केलं.

आता कॅलेंडरची थोडी पानं उलटू. पुतळा साफ करायचाय, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. संगमरवर पांढरा दिसतो तितका घट्ट नसतो. तेलकट पदार्थ तो हळूहळू पिऊन घेतो. घासलं तर डाग पसरतो. आम्ल लावलं तर डाग राहील आणि राणी विरघळेल. बऱ्याच खटपटी होतात. शेवटी येतात प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, रसायनशास्त्री, बडोद्याच्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य. म्हणजे पुतळा दिला बडोद्याने आणि धुतलाही बडोद्याकडून आलेल्या माणसाने. योगायोगाला कधीकधी असं तंगड्यात तंगडं घालायची हौस येते. गज्जरांनी राणी पुन्हा पांढरी केली आणि त्यांचं नाव झालं. रंगांचा, औषधांचा अभ्यास करणारा हा विद्वान माणूस, पण लोकांच्या तोंडी राहिला तो राणीचं तोंड धुणारा म्हणून. त्याचं त्यांना काय वाटलं असेल हे विचारायला मला आवडलं असतं.

गर्दी बघायला येते. पांढरी झाली, झाली बरं का. दोन दिवस येते, तीन दिवस येते. चौथ्या दिवशी चणेवाला टोपली जुन्या जागी टेकवतो. हमाल पाय पसरतात. ट्राम येते, कंडक्टर ओरडतो, कारकून मान वर न करता उतरतो. तुम्ही चढा. मुठीतला रुपया तुमच्याबरोबर येणार नाही, तो कंडक्टरला देऊन टाका. सुट्ट्यांसाठी थांबू नका.

परत आजच्या मुंबईत. तारऑफिस आहे अजून, फौंटनच्या अलीकडे, बसच्या धुरात. तारा मात्र थांबल्या, २०१३च्या जुलैत. मेयो रोडचं नाव बदललं, एस्प्लनेडचंही. राणीला आणि तिच्या लेकाच्या काळ्या घोड्याला साठच्या दशकात भायखळ्याला नेलं. तुम्हाला यायचं असेल तर रविवार टाळा, पेंग्विन बघायला मुंबई लोटते. बागेत शिरून डावीकडे-उजवीकडे न वळता भाऊ दाजी लाड म्युझियमच्या मागल्या आवारात या. झाडाखाली बसली आहे. बेचाळीस फुटांचा डोलारा गेला, डोक्यावरचं छत्र गेलं, त्यामुळे एकदम माणसाएवढी वाटते. एखादा कावळा खांद्यावर. शेजारून पोरं पळत जातात, एकही थांबत नाही.

तुम्ही थांबा. रखवालदार पलीकडे फोनवर बोलतोय. झग्याच्या चुण्या खोल आहेत, गज्जरांचा हात तिथवर पोचला होता का बघू. बोट घाला, नखाने हळूच खरवडा. काळं येतंय. ही मुंबईची नुसती धूळ असेल, गिरण्यांचा, बसगाड्यांचा, इतक्या वर्षांचा धूर असेल.

नख नाकाशी न्या.